तक्रारदार अत्यंत हुशार असून

दरवर्षी 24 डिसेंबरला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये माझं भाषण असतं. राष्ट्रीय ग्राहक दिन. 1986 साली याच तारखेला ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली, त्याआधी 1974 मध्ये बिंदुमाधव जोशींनी पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली, हा मजकूर मला पाठ आहे. आता तो सोसायटीलाही पाठ झालाय. जन्मभर बँकेच्या कर्जविभागात काढल्यामुळे बारीक अक्षरातली कलमं वाचायची खोड लागली, ती निवृत्तीनंतरही सुटली नाही. एमआरपी, निव्वळ वजन आणि पॅकिंगची तारीख मोठ्याने वाचल्याशिवाय मी घरात बिस्किटाचा पुडा फोडू देत नाही. नातवंडं म्हणूनच आमच्याकडे येताना आपली बिस्किटं खाऊन येतात.

तर अशा या माणसाने एका मॉलमध्ये, काचेच्या पेटीशेजारी दोऱ्याने बांधलेल्या पेनाने, लकी ड्रॉचं कूपन भरलं. का भरलं? हिची ट्रायल रूममधून बाहेर येण्याची वाट बघत होतो आणि पेन बरं होतं, एवढंच कारण मला आजतागायत सापडलंय. कूपनावर नाव, वय, पत्ता, मोबाइल, विवाहित आहात का, आणि वार्षिक उत्पन्न किती, असे रकाने होते. लॉटरीची चिठ्ठी कधी कुणाचं उत्पन्न विचारते का? ही शंका मला त्या वेळी यायला हवी होती. मी उत्पन्न सुवाच्य अक्षरात लिहिलं, आणि थोडं वाढवूनच लिहिलं.

चार दिवसांत फोन आला. "अभिनंदन सर! तुमचा नंबर लागलाय." गोव्याची दोन रात्रींची सहल, दोघांसाठी, संपूर्ण मोफत. आता मी काही कच्च्या गुरूचा चेला नव्हे. मी कसून उलटतपासणी घेतली. काही विकत घ्यावं लागेल? नाही सर. पैसे भरावे लागतील? एक रुपयाही नाही. मग अट काय? काहीच नाही सर, फक्त रविवारी मॅडमना घेऊन हॉटेलवर यायचं, दीड तास वेळ द्यायचा, चहानाश्ता आमच्याकडे, आणि येताना क्रेडिट कार्ड तेवढं आणायचं. ओळख पटवायला.

"ओळख पटवायला आधार चालत नाही का त्यांना?" हिने पोळी लाटता लाटता विचारलं. मी तिला खाजगी क्षेत्रातल्या पडताळणीच्या पद्धतींवर बरंच काही सांगितलं. ती पोळ्या लाटत राहिली.

हॉटेलच्या हॉलमध्ये गोल टेबलं मांडली होती. प्रत्येक टेबलाशी एक जोडपं आणि टाय घातलेला एक मुलगा. गाणी इतक्या मोठ्याने लावलेली, की शेजारी बसलेल्या बायकोशी बोलायचं तर ओरडावं लागे, आणि समोरच्या मुलाचं मात्र सगळं ऐकू येई, कारण तो आपली खुर्ची अगदी आपल्या गुडघ्याला लावून बसलेला. ही बैठक अपघाताने तशी नसते, हे मला फार उशिरा कळलं. नवरा-बायकोला एकमेकांच्या कानात "चल, निघू या" म्हणता येऊ नये, एवढाच त्या गाण्यांचा उद्देश असतो.

आमच्या वाट्याचा मुलगा फार गोड होता. त्याने आधी हिचं माहेर विचारलं. वाई, म्हटल्यावर त्याची मावशी तिथलीच निघाली. मग मला म्हणाला, "सर, आयुष्यभर दुसऱ्यांसाठी राबलात. स्वतःसाठी शेवटची सुट्टी कधी घेतली?" मी मार्चअखेर, ऑडिट, बदल्या यांची पार्श्वभूमी सांगू लागलो. ही म्हणाली, "1998. मनाली. तीही एलटीसी वाया जात होती म्हणून." मुलाने ते वहीत लिहून घेतलं आणि माझ्याकडे इतक्या करुणेने पाहिलं की माझ्याच डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं.

मग हिशेब. चांगल्या हॉटेलची खोली रात्रीला 6,000 रुपये. वर्षातून सहा रात्री म्हणजे 36,000. हॉटेलांचे दर वर्षाला 10 टक्के वाढतात असं धरू. 25 वर्षांत किती जातील सर? त्याने कॅल्क्युलेटरवर खटखट करून आकडा दाखवला : जवळजवळ 30 लाख. इथे माझ्यातला कर्जविभाग जागा झाला. मी म्हटलं, "बाळ, तू चक्रवाढ चुकीची धरली आहेस." कॅल्क्युलेटर ओढून घेतला आणि त्याला नीट करून दाखवलं की आकडा 30 नव्हे, 35 लाखांच्या वर जातो. मुलगा थक्क झाला. मॅनेजरला बोलावून म्हणाला, "सर, यांनी आपली चूक काढली." मॅनेजरने माझा हात हातात घेतला. हॉटेलचे दर दरसाल 10 टक्के वाढणार हे कुणी सांगितलं, आणि सहा रात्री मी दरवर्षी कुठे जाणार होतो, हे दोन प्रश्न त्या टेबलावर कुणीच विचारले नाहीत. मीही नाही. मी कौतुक स्वीकारण्यात गुंतलो होतो.

35 लाखांच्या पुढे त्यांच्या सुट्टी-क्लबच्या 25 वर्षांच्या सदस्यत्वाचे साडेचार लाख म्हणजे चणे-फुटाणे. तरी मी नको म्हटलं. मॅनेजर आत जाऊन कुणाशी तरी बोलून आला, साडेतीन झाले. मी नको म्हटलं. पुन्हा आत गेला. असं होता होता 1 लाख 85 हजारांवर आलं, पण फक्त आज, आणि फक्त पहिल्या दहा जोडप्यांना. मधूनमधून माईकवरून, लग्नात आहेर पुकारावा तसं, कुणाकुणाचं नाव पुकारलं जाई, "वेलकम टू अवर फॅमिली!" आणि सगळे टाळ्या वाजवत. नऊ नावं झाली होती. मी मोजत होतो. साडेचार लाखांचं 1 लाख 85 हजारांवर आणलं हा माझा वाटाघाटीतला विजय होता, आणि विजय अर्धवट सोडणं माझ्या स्वभावात नाही.

करारपत्र वाचायला घेतलं. दिवे मंद होते आणि चष्मा गाडीत. मॅनेजर म्हणाला, "सर, तुम्ही बँकेतले. तुम्हाला काय सांगायचं? स्टँडर्ड फॉर्म आहे." मी मान डोलावली. बँकेत असताना हेच वाक्य मी समोरच्या खुर्चीवरच्या माणसांना हजारदा ऐकवलं होतं, आणि त्यांनीही अशीच मान डोलावली होती. फुलीच्या जागी सह्या केल्या. कार्डाने ओळख पटवली. येताना भेट म्हणून एक कॅसरोल मिळाला. तो मात्र चांगला निघाला.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण ते सगळ्यांचं सारखंच असतं. गोव्याच्या मोफत सहलीला शनिवार, रविवार आणि सणवार वर्ज्य होते, जेवणाचं पॅकेज सक्तीचं होतं आणि नोंदणी शुल्क वेगळं होतं. सदस्यत्वावर दिवाळीत खोली मागितली, फुल. नाताळात फुल. मेमध्ये तर फोनवरची मुलगी हसलीच. जुलैत मंगळवार-बुधवार मिळाला. कोकणात, धो धो पावसात, आम्ही गेलो. पत्रकात निळाशार तरणतलाव होता. तिथे गेल्यावर कळलं की तो फोटो दुसऱ्याच कुठल्या तरी ठिकाणचा. "समुद्र 5 मिनिटांवर" हे खरं होतं, मोटारसायकलवर, आणि रस्ता कोरडा असेल तर. एक गोष्ट मात्र कधीच "अव्हेलेबल नाही" झाली नाही : वार्षिक देखभाल शुल्काचं बिल. ते वेळेवर येई.

मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. कंपनीचं उत्तर आलं, करारातल्या अमुक कलमाप्रमाणे आम्ही दिलगीर आहोत. मग मी एका संध्याकाळी 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा घेऊन बसलो. हा जुलै 2020 पासून लागू आहे, हे मी भाषणात सांगत असे. वाचला नव्हता.

वाचता वाचता घाम फुटला. दिल्लीत बसलेल्या कुणीतरी माझं चरित्रच लिहून ठेवलं होतं. कलम 2, पोटकलम 47, अनुचित व्यापारी प्रथा : बक्षीस किंवा भेट देण्याचा इरादा नसताना ती देऊ करणे. किंवा जे मोफत आहे असा भास निर्माण केला, त्याची किंमत प्रत्यक्षात व्यवहाराच्या रकमेतच वसूल करणे. पोटकलम 28, दिशाभूल करणारी जाहिरात : खोटं वर्णन, खोटी हमी, महत्त्वाची माहिती हेतुपुरस्सर दडवणे. माझ्या घरच्यांना माझ्याबद्दल जे कळलं नव्हतं ते संसदेला आधीच ठाऊक होतं. पुढे आणखी वाचलं की केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण अशा जाहिरातीसाठी 10 लाखांपर्यंत दंड करू शकतं, पुन्हा तेच केलं तर 50 लाखांपर्यंत. मी हिला हाक मारली. "अगं, 10 लाख!" हिने कायदा माझ्या हातातून घेतला, पान उलटून पाहिलं आणि म्हणाली, "हे सरकारजमा होतात. तुम्हाला नाही."

मला जे मिळायचं ते जिल्हा ग्राहक आयोगातच मिळणार होतं. इथे कायदा खरोखर दिलदार आहे. दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. वकील लागत नाही. कंपनीचं ऑफिस कुठेही असो, तक्रार आपण राहतो तिथे करता येते. करारात वाद लवादाकडेच न्यायचा असं लिहिलेलं असलं तरी ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये सांगून ठेवलंय.

मी तक्रार लिहिली. मॉलमधल्या पेनापासून सुरुवात होती, कोकणातल्या पावसाचं वर्णन तर मला स्वतःला फार आवडलं होतं. आयोगाच्या कार्यालयातल्या बाईंनी गठ्ठा चाळला आणि शांतपणे म्हणाल्या, "काका, कादंबरी नको. तारखा द्या, पावत्या द्या, काय मागताय ते लिहा, पानांना नंबर घाला, प्रतिज्ञापत्र जोडा." मी घरी येऊन पाऊस काढून टाकला. एक ओळ ठेवली.

कंपनीला नोटीस गेली. कायद्याप्रमाणे उत्तराला 30 दिवस, फार तर आणखी 15. शेवटच्या दिवशी लेखी कैफियत आली आणि ती वाचताना माझी छाती फुगत गेली. "तक्रारदार हे उच्चशिक्षित असून आर्थिक व्यवहारांतील जाणकार आहेत. ते बँकेच्या कर्जविभागातील अनुभवी अधिकारी होते. करारातील बारकावे समजण्याची त्यांची क्षमता सर्वसामान्य व्यक्तीपेक्षा कितीतरी अधिक आहे. ते ग्राहक हक्कांवर व्याख्याने देतात." सगळ्या नोकरीत एकाही साहेबाने माझ्या गोपनीय अहवालात असं लिहिलं नव्हतं. मी ते हिला मोठ्याने वाचून दाखवलं. धाकट्या भावाला फोनवर ऐकवलं. तो म्हणाला, "दादा, पण हे तुझ्या विरुद्ध आहे ना?"

होतं खरं. एवढा हुशार माणूस फसणं शक्यच नाही, सबब फसवणूक झालीच नाही, असा त्यांचा मुद्दा होता. केस जिंकायची तर मला हे खोडून काढणं भाग होतं. ज्या प्रशंसेची जन्मभर वाट पाहिली, तिच्याविरुद्ध प्रत्युत्तर लिहायला बसलो. पहिलंच वाक्य लिहिलं : "मी हुशार असल्याचा सामनेवाल्यांचा आरोप मला मान्य नाही."

पुरावा म्हणून हिचं प्रतिज्ञापत्र जोडायचं ठरलं. मला वाटलं, दोन ओळी लिहील. तिने तीन पानं लिहिली. पोट कमी करणारा कंप पावणारा पट्टा, सांधेदुखीची चुंबकाची गादी, वीजबिल निम्मं करणारी प्लगची डबी, एकेक वस्तू खरेदीच्या वर्षासह. शेवटी : "माझ्या पतींशी कोणी आदराने बोलले की त्यांना पटते, हे मी शपथेवर सांगते." कंपनीच्या वकिलाला तिची उलटतपासणी घेण्याची परवानगी मिळत होती. त्याने ती घेतली नाही. मला त्या दिवशी त्याच्या हुशारीबद्दल आदर वाटला.

युक्तिवादाच्या दिवशी वकील म्हणाला, जाहिरातीत थोडी अतिशयोक्ती असतेच, ती कोणी शब्दशः घेत नाही. मी याच क्षणाची तयारी केली होती. म्हटलं, महोदय, हेच लंडनमध्ये 1892 साली एका कंपनीने म्हटलं होतं. आमचा धुरीचा गोळा सांगितल्याप्रमाणे वापरूनही इन्फ्लुएन्झा झाला तर 100 पौंड देऊ, अशी त्यांची जाहिरात. एका बाईंनी गोळा वापरला, त्यांना इन्फ्लुएन्झा झाला. कंपनी म्हणाली, ती नुसती बढाई होती. न्यायाधीश म्हणाले, मग आमचा खरेपणा दिसावा म्हणून बँकेत 1,000 पौंड ठेवलेत असं त्याच जाहिरातीत का छापलंत? बाईंना 100 पौंड मिळाले. बँकेचा उल्लेख मी जरा जोरात केला.

मग त्रिशूरचं प्रकरण. केस वाढवणाऱ्या क्रीमची जाहिरात करणारे मल्याळी अभिनेते अनूप मेनन यांनी साक्षीत सांगितलं, मी ते क्रीम वापरत नाही, आई घरी करते ते तेल लावतो. आयोगाने कंपनी आणि अभिनेता, दोघांना प्रत्येकी 10,000 रुपये द्यायला लावले. मग तमिळनाडूतल्या तिरुवल्लूरचं : बिस्किटाच्या पुड्यावर 16 लिहिलेलं आणि आत 15, एका बिस्किटाची किंमत 75 पैसे, आणि 2023 मध्ये जिल्हा आयोगाने कंपनीला ग्राहकाला लाखभर रुपये द्यायला सांगितले. आमच्या घरच्या बिस्किटांच्या तपासणीला इथे प्रथमच प्रतिष्ठा मिळत होती. मी आणखी बोलणार, तेवढ्यात अध्यक्ष म्हणाले, "ते सगळं ठीक. मूळ पत्रक आहे का?"

होतं. मी नव्हतं ठेवलं. मी ते रद्दीत टाकलं होतं. हिने ते काढून मसाल्याच्या डब्याखाली अंथरलं होतं, कागद चांगला गुळगुळीत होता म्हणून. हळदीच्या गोल डागासकट ते अध्यक्षांच्या हाती गेलं. त्यावर मोठ्या मराठी अक्षरांत होतं : "वर्षभर, केव्हाही, हवं तेव्हा!" खाली, भिंगातून दिसेल अशा इंग्रजीत, उपलब्धतेनुसार, अटी लागू. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल केंद्राने 2022 मध्ये नियमावली काढली, तीत स्पष्ट म्हटलंय की खुलासा मूळ दाव्याच्याच भाषेत हवा, त्याच अक्षरात हवा, आणि तो मुख्य दाव्याच्या उलट जाता कामा नये. मराठीत "केव्हाही" आणि इंग्रजीत "उपलब्धतेनुसार", हे तिन्ही नियमांत नापास. मी लंडन आणि त्रिशूर फिरून आलो होतो, काम डब्याखालच्या कागदाने केलं.

निघण्याआधी अध्यक्षांनी मला विचारलं, "तुम्ही बँकेत होतात. सही करण्यापूर्वी वाचलं नाहीत?"

मी घसा साफ करत होतो. मागच्या बाकावरून आवाज आला, "चष्मा गाडीत होता."

निकाल आमच्या बाजूने लागला. पैसे व्याजासह परत, मानसिक त्रासाची भरपाई वेगळी, तक्रारीचा खर्च वेगळा. निकालपत्रात माझा उल्लेख "सर्वसामान्य ग्राहक" असा आहे. हिने त्या दोन शब्दांखाली पेन्सिलने रेघ मारून ठेवलीय. कंपनीने राज्य आयोगात अपील केलंय. अपील करायचं तर हुकमातली निम्मी रक्कम आधी जमा करावी लागते, ती त्यांनी केली आहे. अपिलाच्या अर्जात मी "उच्चशिक्षित" राहिलेलो नाही, आता "अत्यंत हुशार" झालो आहे.

तुमच्यावर अशी वेळ आली तर एवढं लक्षात ठेवा : तक्रारीला कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे, जाहिरातीचा कागद रद्दीत घालू नका, आणि बायकोचं प्रतिज्ञापत्र जोडणार असाल तर नोटरीकडे जाण्याआधी एकदा वाचून घ्या. चष्मा लावून.